जपानी ग्राहकाशी बोलायचंय? बारामती-इंदापूरच्या नवउद्योजकांसाठी पहिले धडे

व्हिडिओत आपण उच्चार ऐकले, आता सगळं लिहून देतोय. हा लेख सेव्ह करून ठेवा आणि वही-पेन घेऊनच वाचा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या माझ्या चुलत भावाच्या गूळ पावडरीचा स्टॉल आम्ही पुण्यातल्या एका प्रदर्शनात लावला होता. एक जपानी खरेदीदार आला, चव घेतली, कार्ड घेतलं. आठवड्याने त्याचा इंग्रजीत मेल आला, की तुमच्या प्रस्तावावर आम्ही सकारात्मक विचार करू. आम्हाला वाटलं, ऑर्डर आलीच! पाच हजार छापील पाऊच करून घेतले. ऑर्डर काही आली नाही. पुढे एका जपानी शिकवणाऱ्या बाईंना तो मेल दाखवला, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, हे 'माएमुकी नी केन्तो शिमासु'चं भाषांतर आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ सभ्य भाषेत 'नाही' असाच असतो."

ते पाऊच अजून माळ्यावर पडून आहेत. त्यावरून एक गोष्ट कळली. आपल्याला जपानीचा पंडित व्हायचं नाही, पण समोरचा 'हो' म्हणतोय की 'नाही', एवढं तरी समजलंच पाहिजे. नाहीतर खिशाला चाट बसते.

तुम्हाला थोडी जपानी आधीच येते

बारामती एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ५ एस म्हणजे काय? सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. शॉपच्या भिंतीवर बोर्ड असतोच. कायझेन, कानबान, पोका-योके हे शब्दही कानावरून गेलेले असतात. हे सगळे जपानी शब्द आहेत. म्हणजे तुमची सुरुवात शून्यापासून नाही.

दुसरी गंमत म्हणजे मराठी माणसाला जपानी वाक्य इंग्रजीपेक्षा सोपं जातं, कारण दोन्हीकडे क्रियापद शेवटी येतं. हे बघा:

वाताशि वा बारामाती कारा किमाश्ता.
मी (तर) बारामती-हून आलो.

शब्दाखाली शब्द बसला की नाही? 'कारा' म्हणजे पासून किंवा हून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'नी' म्हणजे बऱ्याचदा ला किंवा मध्ये. आपण जसे नामाला प्रत्यय लावतो, तसेच तेही नामामागे हे छोटे शब्द लावतात. आणि प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी चक्क 'का' लावायचा! "कोरे वा इकुरा देसु का?" म्हणजे "हे कितीला आहे?" शेवटी 'ने' लावला की आपल्या 'ना' सारखा अर्थ होतो. "ई देसु ने" म्हणजे "छान आहे ना!"

उच्चारातही आपला फायदा आहे. जपानी 'त्सु' अनेकांना जमत नाही. आपण 'चुना' म्हणताना जो च उच्चारतो, तोच तो आवाज. मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, ऱ्हस्व-दीर्घ. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. ग्राहकाच्या मावशीला आजी करू नका. दुसरं, जपानीत वेगळा 'ल' नाही, आणि 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही. त्यामुळे पाटील यांचं 'पातिरु' होतं आणि इंदापूरचं 'इंदापूरु'. ते चुकीचं बोलत नाहीत, त्यांच्या लिपीत ते असंच लिहिलं जातं. फोनवर 'पातिरु-सान' ऐकू आलं तर ते तुम्हीच!

लिपीला घाबरू नका

जपानीत तीन लिप्या एकत्र वापरतात. हिरागाना आणि काताकाना या दोन्हींत मूळ ४६-४६ अक्षरं आहेत. तिसरी कांजी, म्हणजे चिनी चिन्हं. सरकारी यादीप्रमाणे रोजच्या वापरातली कांजी २,१३६ आहेत. ती आत्ता सोडून द्या.

व्यवसायासाठी आधी काताकाना शिका, असं मी सांगेन, कारण परदेशी नावं आणि शब्द त्यात लिहितात. तुमचं नाव, गावाचं नाव, प्रॉडक्टचं नाव सगळं काताकानात येतं. दोन आठवडे रोज अर्धा तास दिलात तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला स्वतःचं नाव लिहिता येईल. अक्षरांचा क्रमही ओळखीचा वाटेल: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बौद्ध भिक्षूंमार्फत तिकडे रुजला.

पहिल्या भेटीची सहा वाक्यं

१. हाजिमेमाश्ते. (पहिल्यांदा भेटतोय, आनंद झाला.)
२. बारामाती नो जाधव तो मोऽशिमासु. (मी बारामतीचा जाधव.)
३. योरोशिकु ओनेगाइ शिमासु. (आपलं सहकार्य असू द्या.) हे ओळख करून देताना, काम सांगताना, मेलच्या शेवटी, सगळीकडे चालतं.
४. मोऽ इचिदो ओनेगाइ शिमासु. (कृपया पुन्हा एकदा सांगा.)
५. साम्पुरु वा किन्-योऽबी नी ओकुरिमासु. (सॅम्पल शुक्रवारी पाठवतो.)
६. अरिगातोऽ गोझाइमासु. (धन्यवाद.)

'शिमासु'मधला शेवटचा 'उ' जवळजवळ गिळायचा, ऐकायला 'शिमास' येतं.

नावामागे 'सान' लावा, आपल्या 'राव' किंवा 'साहेब'सारखं. पण स्वतःच्या नावाला कधीच 'सान' लावू नका. आपणही "मी जाधवसाहेब बोलतोय" असं म्हणत नाही. तुम्ही या अर्थाचा 'आनाता' शब्द पुस्तकात सापडेल, पण ग्राहकाला तो वापरू नका. नाव घेऊनच बोला: "तानाका-सान वा...?" आपणही "पाटीलसाहेब येणार का उद्या?" असं समोरच विचारतो, तसंच.

कार्ड दोन्ही हातांनी द्या आणि दोन्ही हातांनी घ्या. घेतल्यावर वाचा, बसल्यावर टेबलावर समोर ठेवा. मागच्या खिशात कोंबू नका.

'हो' आणि 'नाही' ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

'हाइ' म्हणजे हो. पण बोलणं चालू असताना समोरचा "हाइ, हाइ" म्हणत असेल तर तो फक्त "हं, ऐकतोय" असं सांगत असतो. तुमचा भाव त्याने मान्य केलेला नसतो.

'मुझुकाशी देसु' म्हणजे शब्दशः "अवघड आहे". व्यवसायात त्याचा अर्थ "जमणार नाही". 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तरी तेच. 'केन्तो शिमासु' म्हणजे "विचार करतो". कधी खरंच विचार करतात, पण तारीख दिली नसेल तर नकार धरून चाला.

यात त्यांचा खोटेपणा नाही हं. आपल्याकडे सोयरीक नको असेल तर आपण काय म्हणतो? "बघू, घरात विचारून कळवतो." समोरचा समजतो. तसंच आहे हे.

मग करायचं काय? नम्रपणे तारीख आणि आकडा विचारा. आमच्या त्या मेलला उत्तर म्हणून एकच ओळ लिहायला हवी होती: "पुढचं सॅम्पल किती किलो आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवू?" यावर आकडा आला तर काम पुढे सरकतंय. पुन्हा "विचार करू" आलं तर पाऊच छापायचे नाहीत. लेखी परचेस ऑर्डर हातात पडेपर्यंत खर्च नाही, हा नियम कायमचा.

आकड्यांचा घोळ

१ ते १०: इचि, नी, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. शंभर म्हणजे ह्याकु, हजार म्हणजे सेन, इथपर्यंत ठीक. पुढे गडबड होते. त्यांच्याकडे लाख-कोटी नाही, दहा हजाराचा 'मान' आहे.

१ लाख = जूमान (दहा मान)
१० लाख = ह्याकुमान (शंभर मान)
१ कोटी = इस्सेनमान (हजार मान)
१० कोटी = इचिओकु

आपण लाखात विचार करतो, ते मानमध्ये, आणि मध्ये दोघंही इंग्रजीत बोलतो. एक शून्य कधी सरकलं कळत नाही. म्हणून भाव तोंडी सांगितला तरी लगेच आकड्यात लिहून दाखवा. स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने द्या: १,५०,००० नाही, १५०,०००. चलन येन की रुपया की डॉलर, तेही लिहा.

आणखी एक: चारचा दुसरा उच्चार 'शि' आहे आणि मृत्यूलाही 'शि'च म्हणतात. गिफ्ट पॅकमध्ये चार नग ठेवू नका. तीन किंवा पाच ठेवा.

वेळ पाळा आणि आधी कळवा

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:३०, आणि तिथे संध्याकाळी ६ म्हणजे इथे दुपारी २:३०. उत्तर त्याच दिवशी हवं असेल तर मेल सकाळीच टाका. गोठा असलेल्यांना पहाटेची अडचण नाहीच.

'नोऽकी' म्हणजे डिलिव्हरीची तारीख. हा शब्द पाठ करा. लाइट गेली, मजूर आले नाहीत, उशीर होणार असं कळलं की त्याच दिवशी सांगा. जपानी कंपन्यांत 'होऽरेन्सोऽ' शिकवतात: होऽकोकु म्हणजे कळवणं, रेन्राकु म्हणजे संपर्क ठेवणं, सोऽदान म्हणजे सल्ला घेणं. (होऽरेन्सोऽ म्हणजे पालकची भाजीसुद्धा, म्हणून लक्षात राहतं.) शेवटच्या दिवशी कारण सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

भाषा आली म्हणजे माल गेला असं नाही

स्पष्ट सांगतो. शेतमाल आणि खाद्यपदार्थांत जपानचे नियम कडक आहेत. भारतीय आंब्याला तिथे २००६ साली पुन्हा प्रवेश मिळाला, तोही उष्ण वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. त्याच वर्षीपासून, ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्यासाठी ०.०१ पीपीएम ही सरसकट मर्यादा आहे. म्हणून डाळिंब असो की गूळ, आधी त्या मालाला परवानगी आहे का आणि रेसिड्यू रिपोर्ट काय सांगतो ते बघा. निर्यातीसाठी आयईसी नंबर, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय परवाना लागतोच. भारत-जपान व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, तुमच्या मालावर त्यात सवलत आहे का तेही सीएला विचारा.

पण थेट निर्यात हा एकच रस्ता नाही. पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीत (आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे वेगळं) जपानी उद्योगांसाठी जागा राखलेली आहे. पुणे परिसरातही जपानी कंपन्या आहेत. जॉबवर्क, पॅकेजिंग, कॅन्टीन अशी कामं इथल्या इथेही मिळू शकतात. तिथे वरची सहा वाक्यं उपयोगी पडतील.

आणि माल समजावताना त्यांच्या ओळखीचा शब्द वापरा. ओकिनावात उसाचा रस आटवून 'कोकुतोऽ' नावाची काळसर साखर करतात. "इंदो नो कोकुतोऽ देसु" म्हणजे "हा भारताचा कोकुतोऽ" एवढं म्हटलं की गुळावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आम्हाला हे तेव्हा माहीत असतं तर!

कुठे आणि किती शिकायचं

पुणे हे जपानी शिकण्याचं जुनं केंद्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. घरबसल्या एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे फुकट आहेत.

जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन५ सगळ्यात सोपी. १८० पैकी ८० गुण मिळाले आणि प्रत्येक भागात किमान गुण असले की पास. पण या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते! नोकरीसाठी सर्टिफिकेट कामाचं आहे, पण धंद्यासाठी एन५च्या कागदावर ऑर्डर मिळत नाही. करार करताना चांगला दुभाषी घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

तुमचं काम एवढंच: पहिले दोन आठवडे काताकाना, पुढचे दोन आठवडे आकडे आणि वार, मग ही सहा वाक्यं रोज मोठ्याने. आज रात्री फक्त एक करा: तुमच्या प्रॉडक्टची ओळख तीन छोट्या मराठी वाक्यांत लिहा. मराठीत तीन वाक्यांत सांगता आलं, तर जपानीत न्यायला वेळ लागणार नाही.

योरोशिकु ओनेगाइ शिमासु!