थर्ड क्लास गेस्ट हाऊस ते फर्स्ट क्लास म्युझियम!

उदयपूरची ट्रिप म्हटलं की सिटी पॅलेस, पिछोला तलावातली बोट आणि गणगौर घाटावरचे फोटो ठरलेलेच. पण याच घाटाला लागून असलेल्या बागोर की हवेलीत किती जण आत जातात?

मेवाडचे दिवाण अमरचंद बडवा यांनी अठराव्या शतकात ही हवेली बांधली. पठ्ठ्यानं एकामागून एक चार महाराणांचा कारभार सांभाळला! त्यांच्यानंतर हवेली राजघराण्याकडे गेली. बागोरचे महाराज इथे राहू लागले, म्हणून हे नाव. १८७८मध्ये महाराज शक्तिसिंहांनी तीन कमानींचा दरवाजा बांधला. पुढे महाराणा भूपालसिंहांच्या काळात ती संस्थानाचं गेस्ट हाऊस झाली. तेही तिसऱ्या दर्जाचं! म्हणजे खासे पाहुणे दुसरीकडे, बाकीचे इथे.

स्वातंत्र्यानंतर इथे सरकारी कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडं आली. जवळपास ४० वर्षं हेच चाललं. राहणारे खूप होते, पण घर कुणाचंच नव्हतं. छप्पर गळलं, भिंत फुगली तर बघणार कोण? हवेली खचत गेली.

१९८६मध्ये ती पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राला मिळाली. महाराष्ट्र आणि गोवाही या केंद्रात आहेत, म्हणजे थोडी आपलीसुद्धा! दुरुस्ती सिमेंट थापून उरकली नाही. जुन्या पद्धतीच्या लाखौरी विटा आणि चुना वापरला. या कामात जनानखान्यात मेवाड शैलीची जुनी भित्तिचित्रंही सापडली.

आज शंभरहून जास्त खोल्यांच्या या हवेलीत फिरताना म्युझियमपेक्षा कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं. शयनगृह, देवघर, सोंगट्यांचा पट, पंखे, गुलाबदाण्या, दागिन्यांच्या पेट्या. रंगीत काचांचे मोर तर एकदम भारी. पगड्यांचं वेगळं दालन आहे. संध्याकाळी चौकात ‘धरोहर’ हा लोकनृत्यांचा कार्यक्रम होतो. तिकीट काढून लोक रांगा लावतात.

आपल्याकडेही कितीतरी जुन्या वाड्यांत शाळा भरते, कचेरी चालते, बिऱ्हाडं राहतात. वापर होतो यात वाईट काहीच नाही. रिकामा वाडा तर लवकर पडतो. प्रश्न एवढाच, की त्याची जबाबदारी कुणाची? बागोरला राजानं नाही, जबाबदारी घेणाऱ्या एका संस्थेनं वाचवलं. तुमच्या गावातला असा वाडा कुठला? त्याचं छप्पर गळलं तर बघणारं कुणी आहे का, एकदा विचारून तर बघा!