दाब कुणाच्या तुलनेत?

टर्बो गाडी सिग्नलला गुमान उभी राहते, शहरात कुरकुरत नाही आणि घाटात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की नेमकी दम टाकते. अशा वेळी बॉनेट उघडून, आयडलला गेज लावून ‘प्रेशर ओके’ असा निर्वाळा देण्याची पद्धत आहे. निर्वाळा खरा असतो, पण तक्रारीशी त्याचा संबंध नसतो. टर्बो गाडीत इंधनाचा दाब भाराखालीच मोजायला हवा आणि तो बूस्टच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

सुबारूची १९९२ साली आलेली इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घ्या. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलमधलं पेट्रोल असतं, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. या दोन दाबांतला फरक सुमारे ३ बार कायम ठेवणं हे रेग्युलेटरचं काम. त्यासाठी मॅनिफोल्डपासून एक बारीक रबरी पाइप त्याच्यापर्यंत आलेला असतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असल्याने गेज साधारण २.४ बार दाखवतो. पाइप काढून तोंड बंद केलं की ३. बूस्ट ०.८ बार झाला की रेलमध्ये ३.८ हवेत. तो पाइप तडकला आणि दाब ३ वरच राहिला, तर फरक उरतो २.२. इंधनाचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तो सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. सिलिंडरमध्ये सर्वाधिक हवा कोंबली जात असतानाच पेट्रोल कमी पडतं. मग नॉकिंग सुरू होतं आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर पिस्टनचा बळी जातो. गेजवर मात्र त्या क्षणीही अगदी सभ्य ‘३’ दिसत असतो!

म्हणून काटा कसा हलतो ते बघावं. बूस्ट चढूनही तो जागचा हलला नाही, तर संशय पाइपवर किंवा रेग्युलेटरवर. त्या पाइपमध्ये पेट्रोलचा थेंब सापडला, तर डायफ्राम फाटलाच. काटा आधी बूस्टबरोबर चढून मग वरच्या आरपीएमला ढासळला, तर पुरवठा अपुरा आहे: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा पंपापर्यंत न पोहोचणारे व्होल्ट. हे शेवटचं कारण फार दुर्लक्षित. बॅटरीवर १४ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर १२ भरले, तर दोष गंजलेल्या अर्थमध्ये किंवा जळक्या रिलेत शोधावा. रिटर्न पाइप क्षणभर चिमटून दाब उसळला की पंपाला पास करणारे आहेत. पण त्यातून पंपाचा जोर कळतो, तो लिटर किती देतो हे कळत नाही. गेज भाराखाली बघायचा तर तो काचेबाहेर, वायपरखाली बांधावा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणणं हा निव्वळ आगीशी खेळ आहे.

स्कॅनर असताना एवढा उपद्व्याप कशाला, असं कुणी म्हणेल. स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिम उपयोगी खरेच, पण अशा जुन्या गाड्यांचा संगणक पूर्ण बूस्टला ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या तक्त्यावर चालतो. वाइडबँड मीटर मिश्रण पातळ झाल्याचं सांगतो, कारण सांगत नाही. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मजुरी घालवण्यापेक्षा नवा पंप टाकून मोकळं व्हावं. पण व्होल्टच कमी असतील तर नवा पंपही उपाशीच राहणार. त्यातून मोठा पंप बसवला आणि जादा पेट्रोल परत सोडणं मूळच्या रेग्युलेटरला झेपलं नाही, तर आयडलचा दाब चढतो आणि गाडी काळा धूर ओकू लागते.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. रिटर्न पाइप नसलेल्या अनेक गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि बूस्टचा हिशेब संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडून जुळवतो. तिथे स्थिर काटा हेच आरोग्याचं लक्षण. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तर रेलचा दाब २०० बारच्या घरात जातो, तिथे साधा गेज लावायचा विचारही करू नये. मागितलेला आणि मिळालेला दाब स्कॅनरवर एकत्र पाहावा आणि दोघांत अंतर पडू लागलं की महागड्या हाय-प्रेशर पंपाला हात लावण्याआधी टाकीतला छोटा पंप भाराखाली तपासावा.