“पण ती प्यायली कशाला?”

आम्ही मोरिवलीच्या बचत गटांच्या बाया.

20 ऑगस्ट 2024 ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले होते, आठवतं ना? शाळेतल्या लहानग्यांवर अत्याचार झाला होता. तेव्हा त्या पोरींची चूक कुणीच काढली नाही. पण मुलगी कॉलेजातली असली आणि तिने त्या दिवशी दारू घेतलेली असली, की आपल्याच बैठकीत पहिला प्रश्न निघतो, “पण ती प्यायली कशाला?” आज त्याच प्रश्नावर बोलू.

मे 2025 मध्ये सांगलीत डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मुलीने पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीप्रमाणे, सिनेमाला जायचं म्हणून निघालेल्या या मुलीला खोलीवर नेलं, पेयातून गुंगीचं औषध दिलं आणि अत्याचार केला. अटक झाली ती तिच्याच वर्गातल्या दोघांना आणि त्यांच्या एका मित्राला. म्हणजे रोजच्या ओळखीतल्यांना.

दारू जास्त झाली की हातपाय साथ देत नाहीत, जीभ जड होते. मुलगी चालते-बोलते, पण नंतर तिला काही आठवत नाही. म्हणून तिच्या सांगण्यात तुटकपणा येतो. त्याला आपण खोटेपणा समजतो, तिथेच चुकतो. वाईट हेतूचा मुलगा हे सगळं ओळखून असतो. “अजून एक घे ना” असा आग्रह तो उगाच करत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम 63 सांगतं, की नशेमुळे काय चाललंय हे बाईला कळत नसेल, तर तिचा होकार हा होकारच नाही. दारू त्याने पाजलेली असो की तिने स्वतः घेतलेली असो. मुलगी 18 वर्षांच्या आतली असेल, तर होकाराचा प्रश्नच येत नाही. आणि स्वतःच्या मर्जीने प्यायलेल्या पुरुषाला “मी शुद्धीत नव्हतो” म्हणून सुटता येत नाही. आपल्या घरांत मात्र उलटं चालतं. तो प्यायला म्हणून त्याला माफी, ती प्यायली म्हणून तिच्यावर ठपका.

असा प्रसंग आलाच तर एवढं करा. मुलीला आधी जवळ घ्या, उलटतपासणी नको. शक्यतो आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवा. लगेच दवाखान्यात न्या; गुंगीच्या औषधाचा अंश लघवीतून लवकर निघून जातो, आणि गर्भ राहू नये, एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने पहिला उपचार मोफत करायचा असतो. आधी पोलिसांचा कागद आणा म्हणता येत नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, “आमची हद्द नाही” हे उत्तर चालत नाही. मुलीचं नाव छापणं हाही गुन्हा आहे. फोन 112 किंवा 181.

शेवटी दोन गोष्टी. कॉलेजला जाणाऱ्या लेकीला आजच सांगा, “कुठेही अडकलीस, प्यायलेली असलीस तरी आधी मला फोन कर. रागवायचं ते नंतर बघू.” घरच्या मारापायी पोरी गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावरच गुन्हेगाराचा भरवसा असतो. आणि लेकालाही समोर बसवून सांगा, की शुद्ध हरपलेल्या मुलीला सुखरूप घरी पोचवायचं असतं. दुसरं काही नाही.