अग्निबाण आणि रबराचे कडे



विषय अग्निबाणाचा आणि व्याख्याता कामगार संघटनेतला, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. मी अभियंता नाही, महाविद्यालयाची पायरीही चढलेलो नाही. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु घन इंधनाच्या अग्निबाणाविषयी वाचीत गेलो, तसतसे मला दिसू लागले की हा विषय एकट्या शास्त्रज्ञांचा नाही. कारखान्यात रोज उभा राहणारा एक प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. त्या प्रश्नाशी जाण्याआधी यंत्र समजून घेऊ.

दिवाळीत मुले जो बाण उडवितात तो घन इंधनाचा अग्निबाणच होय. कागदाची नळी, तीत ठासलेली दारू, खाली बारीक तोंड आणि वात. दारूत तीन पदार्थ असतात. कोळसा आणि गंधक हे जळणारे, आणि सोरा हा प्राणवायू पुरविणारा. चुलीतले लाकूड बाहेरच्या हवेवर जळते; बाणातली दारू आपला प्राणवायू आपल्याबरोबर घेऊन निघते. म्हणूनच जेथे हवा नाही अशा अवकाशातही अग्निबाण चालतो. जळून झालेला वायू मोठ्या वेगाने खाली फेकला जातो, आणि न्यूटनने सांगितलेल्या नियमाप्रमाणे तितक्याच जोराने बाण वर ढकलला जातो. बाण हवेला रेटून वर चढतो, ही समजूत चुकीची आहे.

अठराव्या शतकात हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्याने या बाणांना लोखंडी नळी दिली. नळी मजबूत, म्हणून आत दाब अधिक. दाब अधिक, म्हणून पल्ला लांब. इंग्रजांनी ते बाण विलायतेस नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपले बाण तयार केले. पण दारूची एक मोठी अडचण होती. ती ठासून मोठी कांडी केली की तिला चिरा पडत.

चीर पडली तर एवढे काय बिघडले? येथेच या विद्येचे मर्म आहे. घन इंधन आपल्या पृष्ठभागावर जळते. जेवढा पृष्ठभाग उघडा, तेवढा वायू. आग चिरेत शिरली की जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटते. तेव्हा चिरणार नाही असे इंधन हवे होते. १९४२ साली कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्स याने वितळलेल्या डांबरात पोटॅशियम परक्लोरेट कालवून ओतीव इंधन तयार केले. पुढे डांबराची जागा कृत्रिम रबराने घेतली, आणि दारूची ठासणी जाऊन इंधनाचे ओतकाम सुरू झाले.

अमेरिकेच्या शटल यानाच्या दोन्ही बाजूंस जे अग्निबाण असत, त्यांच्या इंधनात सुमारे ७० टक्के अमोनियम परक्लोरेट, १६ टक्के ॲल्युमिनियमची भुकटी आणि उरलेला भाग बहुतांशी रबर असे. परक्लोरेट प्राणवायू पुरविते, ॲल्युमिनियम उष्णता देते. रबर या दोघांना बांधून ठेवते आणि स्वतःही जळते. हे सारे मिश्रण एकजीव मळून पोलादी वेष्टनात ओततात आणि कित्येक दिवस उबेत ठेवतात. मग ते खोडरबरासारखे घट्ट होते. ओतताना मध्ये एक साचा उभा ठेवलेला असतो. तो काढला की आरपार पोकळी राहते, आणि आग या पोकळीच्या भिंतीवर लागते. पोकळी साधी गोल ठेवली तर जळता जळता ती रुंदावते आणि जोर वाढत जातो. चांदणीच्या आकाराची ठेवली तर आरंभापासूनच मोठा पृष्ठभाग मिळतो, आणि टोके झिजत जातात तसा जोर आटोक्यात राहतो. बाणाने केव्हा किती जोर लावायचा, हे त्या पोकळीच्या आकारातच लिहून ठेवलेले असते.

द्रव इंधनाच्या इंजिनाला पंप असतात, झडपा असतात. झडप बंद केली की इंजिन थांबते. घन इंधनाला यांपैकी काही नाही. त्यामुळे ते साधे आहे, तयार करून ठेवता येते आणि उड्डाणाच्या वेळी प्रचंड जोर देते. पण त्याचे मोल असे की, एकदा पेटले की ते विझवता येत नाही. चूक झालीच तर ती पेटविण्यापूर्वी सापडली पाहिजे. एवढे ध्यानात ठेवून १९८६ सालाकडे चला.

शटलचा असा एक बाण सुमारे ४५ मीटर उंच आणि ३.७ मीटर व्यासाचा होता. त्यात सुमारे ५०० टन इंधन असे. एवढा बाण एकसंध नेणे शक्य नव्हते. तो युटा राज्यात चार खंडांत ओतला जाई, आगगाडीने फ्लोरिडास येई आणि तेथे जोडला जाई. दोन खंडांच्या जोडात रबराची दोन कडी बसवीत. कड्याचा घेर मोठा, पण जाडी सुमारे सात मिलिमीटर. आपल्या घरच्या कुकरच्या झाकणात जी रिंग असते तिचेच काम या कड्यांकडे होते, म्हणजे आतला वायू बाहेर येऊ न देणे. फरक एवढाच की, येथे आत वातावरणाच्या साठपट दाब आणि पोलाद वितळविणारी आग. बाण पेटताच वेष्टन किंचित फुगे आणि जोडातली फट रुंदावे. त्या क्षणार्धात रबराने पसरून ती फट भरली पाहिजे. कुकरची रिंग जुनी होऊन कडक झाली की वाफ कशी निसटते, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. रबर थंडीनेही तसेच कडक होते.

ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती काय? पुरती ठाऊक होती. १९८१ सालच्या दुसऱ्या उड्डाणानंतरच एका कड्यावर जळाल्याची खूण सापडली होती. जानेवारी १९८५ मधल्या थंडीतल्या उड्डाणात पहिल्या कड्याला ओलांडून काजळी पुढे गेली होती. बाण बनविणाऱ्या थायोकोल कंपनीतील अभियंता रॉजर बोइस्जोली याने जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळविले की, हा जोड सुधारला नाही तर माणसे मरतील. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले होते. तेव्हा आजवर धकले ते पुढेही धकेल, असा हिशेब धरला गेला.

हा हिशेब मला नवा नाही. एका कारखान्यात वाफेच्या पाइपाचे पॅकिंग कडक झाले आहे, असे फिटरने दोनदा सांगितले. त्याला उलट विचारले गेले, ‘आजवर फुटले आहे का?’ तिसऱ्या आठवड्यात ते फुटले आणि एका मदतनिसाचा हात कोपरापर्यंत भाजला.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. टेलिफोनवरून सभा भरली. बोइस्जोली, अर्नी थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की, सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. कंपनीने विचारासाठी वेळ मागून घेतला. त्या वेळात तेथील एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखास सुचविले की, आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. टोपी बदलली आणि मत बदलले. उड्डाणास संमती गेली. फ्लोरिडात असलेला कंपनीचा प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड याने सही करण्यास नकार दिला; सही युटाहून दुसऱ्याने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी ‘चॅलेंजर’ उडाले. तेव्हा तापमान सुमारे २ अंश होते. पहिल्या सेकंदातच उजव्या बाणाच्या खालच्या जोडातून काळा धूर निघालेला पुढे चित्रफितीत दिसला. बाण पेटला होता. थांबविण्याचा उपाय कोणाच्याच हाती उरला नव्हता. ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले. सात माणसे गेली. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिकाही होती. पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखविला. चिमट्यात दाबलेला तुकडा सुटल्यावर लगेच पूर्ववत झाला नाही. एका पेल्यातला हा प्रयोग साऱ्या जगाला समजला.

यानंतर विद्या पुढे गेली, हेही सांगितले पाहिजे. शटलच्या जोडाची रचना बदलली, तिसरे कडे आले, जोड उबदार ठेवण्याची सोय झाली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये शटल पुन्हा उडाले. युरोपच्या एरियान-६ या अग्निबाणाने जुलै २०२४ मध्ये पहिले उड्डाण केले. त्याच्या बाजूच्या बाणांचे वेष्टन कार्बनच्या धाग्यांनी विणलेले आणि अखंड आहे. त्यात सुमारे १४० टन इंधन मावते आणि खंडांचा जोडच राहत नाही. आपल्याकडे एस-२०० हा तीन खंडांचा, सुमारे २०० टन इंधनाचा बाण जानेवारी २०१० मध्ये श्रीहरिकोटा येथे जमिनीवर पेटवून तपासला गेला. असे दोन बाण जोडलेल्या अग्निबाणाने १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेले.

परंतु कड्यांची संख्या वाढवून मूळ प्रश्न सुटत नाही. २२ ऑगस्ट २००३ रोजी ब्राझीलमध्ये अल्कांतारा येथे उड्डाणाची तयारी चालू असता एक घन इंधनाचा बाण अवेळी पेटला आणि २१ माणसे मेली. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्याच्या घन इंधन कारखान्यातील आगीत सहा जण दगावले. ते अवकाशवीर नव्हते. इंधनाजवळ उभे राहून काम करणारी माणसे होती ती. यान उडते तेव्हा टाळ्या वाजतात, त्यांतला एक हिस्सा यांचाही आहे.

आता तो प्रश्न. त्या रात्री अभियंत्यांना विचारले गेले, उड्डाण धोक्याचे आहे हे सिद्ध करा. विचारावयास हवे होते ते उलट, म्हणजे उड्डाण निर्धोक आहे हे सिद्ध करा. पुरावा कोणी द्यावयाचा, यावर सात जिवांचा निकाल लागला. ज्या यंत्राला थांबविण्याची कळ नाही, त्याची एकच कळ असते. ती म्हणजे पेटविण्यापूर्वी ‘नको’ म्हणणारा जाणता माणूस. ही कळ आपण कशी राखतो? बोइस्जोलीने आयोगापुढे खरे सांगितले, त्यानंतर कंपनीत तो एकाकी पडला आणि त्याने नोकरी सोडली. मॅकडोनाल्डला कामावरून बाजूला केले गेले. अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याविरुद्ध आवाज उठला, तेव्हा त्याला परत घेतले आणि तोच जोड सुधारण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले, तेथे माणूस टिकला आणि कामही सुधारले.

संघटना म्हणजे पगारवाढीचे यंत्र, असे पुष्कळांना वाटते. पगार हवाच, त्याविषयी मी कधी संकोच केला नाही. पण ज्याच्या हाताला पॅकिंग कडक लागले, त्याने तसे निर्भयपणे सांगावे आणि सांगितल्याबद्दल त्याची भाकरी जाऊ नये, हेही संघटनेचेच काम आहे. उद्या कामावर गेल्यावर आपल्या खात्यातील फिटर काय सांगतो ते एकदा थांबून ऐका, एवढीच माझी विनंती आहे.