वारशाचे पिस्तूल : आधी परवाना, मग तेलपाणी

घोडेगाव (ता. नेवासा) : आजोबांच्या पश्चात कपाटात खिशात मावणारे जुने पिस्तूल सापडले, तर ते पुसून पुन्हा ठेवून देणे हा गुन्हा ठरू शकतो. शस्त्र वारशाने येते; परवाना मात्र येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार असे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

परवाना मिळाल्यावर प्रश्न उरतो तो निगेचा. जुन्या पोलादाचा खरा शत्रू दमट हवा. चामडी म्यान ओल धरून ठेवते. त्यामुळे पिस्तूल त्यात कायम ठेवल्यास गंज चढतो. हाताच्या घामातील क्षारही पृष्ठभाग खातात. म्हणून पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून कोरड्या कापडाने पुसावे व तेलाचा पातळ थर द्यावा. तेल जास्त झाल्यास धूळ चिकटते. पॉलिशने घासल्यास मूळ झळाळी व कोरलेले क्रमांक झिजतात. स्प्रिंग थकलेली असू शकते. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत.