लेखांक ६ : रंगमंचावरून बातमीपत्राकडे

किशोरवयात लोकप्रिय झालेल्या कलावंताने पुढे दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागात प्रवेश करावा, हा प्रवास जपानमध्ये आता परिचयाचा झाला आहे. तेथे ‘आयडल’ म्हणजे व्यवस्थापन संस्थेने लहान वयातच निवडून गायन, नृत्य आणि लोकांसमोरचा वावर यांत घडवलेली तरुण कलावंत. ‘मॉर्निंग मुसुमे’ या समूहात २००१ मध्ये चौदाव्या वर्षी दाखल झालेल्या आसामी कोन्नो यांनी शिक्षणासाठी समूह सोडला, केइओ विद्यापीठातील अभ्यासक्रम पूर्ण केला आणि २०११ मध्ये ‘टीव्ही टोकियो’ या वाहिनीत त्या ‘अनाउन्सर’ म्हणून रुजू झाल्या. हा अनाउन्सर वाहिनीचा कायम कर्मचारी असतो आणि पदवीधरांच्या वार्षिक भरतीतून निवडला जातो, त्यामुळे तेथे कलावंताचे आयुष्य मागे ठेवूनच वृत्तविभागाचा उंबरठा ओलांडावा लागतो.

मराठीत या प्रवासाशी सर्वांत जवळचे उदाहरण भक्ती बर्वे यांचे आहे, मात्र त्याचे स्वरूप मुळातच निराळे होते. १९४८ मध्ये सांगलीत जन्मलेल्या भक्तीताई सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ या बालरंगभूमीवर लहानपणीच उभ्या राहिल्या, पुढे आकाशवाणीवर निवेदिका झाल्या आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर तेथे वृत्तनिवेदिका म्हणून दिसू लागल्या. १९७६ पर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता आणि बातमी निवडणे, लिहिणे, तपासणे हे काम शासकीय सेवेतील वृत्तसंपादकांकडे असे. वृत्तनिवेदक तयार मजकूर प्रेक्षकांपर्यंत पोहोचवी. घटनास्थळी जाणे किंवा प्रश्न विचारणे त्याच्या कक्षेत येत नसे. म्हणूनच बातम्या वाचण्यासाठी नाटक सोडण्याची गरज कोणाला पडली नाही.

मात्र या वाचनाला दुय्यम ठरवणे अन्यायाचे होईल. डोळ्यांसमोर मजकूर सरकवणारे टेलिप्रॉम्प्टर हे यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. कागदावरची ओळ टिपून नजर वर उचलायची, वाक्याचा शेवट प्रेक्षकाकडे पाहत करायचा, नावे अचूक उच्चारायची आणि स्वतःची भावना आवाजात उतरू द्यायची नाही, हे सारे एकाच वेळी साधावे लागे. नाटकात याच आवाजाकडून नेमकी उलट मागणी होते. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून रचलेले ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यातील मंजुळा भक्तीताईंनी अजरामर केली. रस्त्यावर फुले विकणाऱ्या या मुलीला एक भाषातज्ज्ञ प्रमाण मराठी शिकवतो, ती तशी बोलूही लागते, पण तिच्या आत्मसन्मानाचा प्रश्न त्या शिकवणीने सुटत नाही. ज्या प्रमाण मराठीला दूरदर्शनने घराघरांत अधिकारवाणीचा दर्जा दिला, त्याच भाषेमागची सामाजिक उतरंड बातम्या वाचलेल्या एका अभिनेत्रीनेच रंगमंचावर उघडी करावी, ही मराठी सांस्कृतिक इतिहासातील अतिशय मोलाची घटना मानली पाहिजे.

स्मिता पाटील यांची वाट उलटी होती. १९५५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या स्मिताताई विशीच्या आतच मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचू लागल्या, दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते तेथूनच, आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ या चित्रपटांतून त्यांचा अभिनयप्रवास सुरू झाला.

या दोघींपैकी कोणीही पुढे वार्ताहर झाली नाही, याचे कारण त्यांच्या क्षमतेत शोधणे चूक ठरेल. वृत्तनिवेदकाने स्वतः बातमी मिळवावी, अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. ती जागा १९९० नंतरच्या खासगी वृत्तवाहिन्यांनी निर्माण केली, आणि वृत्तनिवेदकाला मुलाखती, चर्चा व घटनास्थळावरचे थेट प्रक्षेपण यांची जबाबदारी मिळाली. या जबाबदारीसाठी लागणारे औपचारिक शिक्षणही आता उपलब्ध आहे. मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग आहे. बातमी शोधण्याचे, पडताळण्याचे आणि लिहिण्याचे शिक्षण तेथे मिळते, परंतु आवाज, श्वास आणि विराम यांची जी तालीम बालरंगभूमीने व आकाशवाणीने त्या पिढीला दिली, तिची तजवीज पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी. आकाशवाणीतील त्या तालमीचे स्वरूप पुढील लेखांकात पाहता येईल.