विजासन : डोंगरात एकाहत्तर फूट

सिंदेवाहीहून बल्लारशाकडे जाणारी गाडी चांदा फोर्टला थांबते. विजासनचं बौद्ध लेणं ज्या भांदकजवळ आहे, ते मात्र नागपूरच्या लाइनवर येतं. त्यामुळे सिंदेवाहीकरांना सोयीची वाट म्हणजे मूलमार्गे चंद्रपूर आणि तिथून नागपूर रोडने भद्रावती. गावाची पाटी बदलून भद्रावती झाली, रेल्वे स्टेशन अजून भांदकच आहे.

भद्रावतीत उतरणारे बहुतेक जण जैन मंदिराकडे किंवा भद्रनागाच्या दर्शनाला वळतात. गावाबाहेरची विजासन टेकडी लांबून पाहिली तर काही विशेष वाटत नाही. वेरूळसारखा कोरलेला दर्शनी भाग नाही, खांबांची रांग नाही. इथलं सगळं आत आहे.

अजिंठ्याचा विहार ज्यांनी पाहिलाय त्यांना फरक लगेच कळेल. तिथे पुढे ओसरी, आत मोठा मंडप आणि कडेने भिक्खूंच्या खोल्या. विजासनला मंडपच नाही. टेकडीच्या पोटात एक बोळ सरळ ७१ फूट आत गेलाय आणि त्याच्या टोकाला गाभारा आहे. त्यात बैठकीवर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. या बोळाला वाटेत काटकोनात दोन फाटे फुटतात. प्रत्येकाच्या शेवटी पुन्हा गाभारा, पुन्हा मूर्ती. जुन्या इंपीरियल गॅझेटिअरने हा आराखडा भारतात दुसरीकडे कुठे नाही असं नोंदवलं आणि भिंतींवरच्या अक्षरांच्या खुणांवरून लेणं दुसऱ्या-तिसऱ्या शतकाइतकं मागे नेलं. एवढ्या पुसट अक्षरांवर किती भार टाकायचा, हा प्रश्न उरतोच. आराखड्याचं सांगणं मात्र स्पष्ट वाटतं : ही जागा राहण्यासाठी कमी, चालत जाऊन दर्शन घेण्यासाठी जास्त. सरळ आत चालत जावं लागतं, आणि मूर्ती मोठी होत होत समोर येते.

दगडही वेगळा. सह्याद्रीतली लेणी काळ्या कठीण बेसॉल्टमध्ये आहेत. भद्रावती मात्र गोंडवाना खोऱ्यात, दगडी कोळशाच्या पट्ट्यात येते.

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात कोसल देशात आला होता. तिथे शंभरेक संघाराम आणि दहा हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचं त्याने लिहिलं, पण राजधानीचं नाव दिलं नाही. मग ती कुठे होती हे शोधायला इंग्रज संशोधक नकाशे घेऊन बसले. कनिंगहॅमने १८७१ च्या आपल्या भूगोलग्रंथात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, बाजूने कौल दिला. फर्ग्युसनने वैरागड सुचवलं. भांदकचंही नाव पुढे आलं. आज अभ्यासकांचा कल छत्तीसगडातल्या महानदीच्या खोऱ्याकडे आहे. चांद्याचा मान गेला, पण त्या वादात विजासनच्या गावाचं नाव तरी आलं, हेही थोडं नाही. राजधानी नसली तरी भांदक आडगाव नव्हतं : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ७७२ सालचा ताम्रपट इथलाच.

गेल्या भागात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीची माहिती आली होती. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा दिली. विजासन समजून घ्यायला ती तारीख लेण्याच्या शतकाइतकीच महत्त्वाची आहे. अजिंठ्याला लोक तिकीट काढून चित्रं पाहतात. इथे बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून बायाबापड्या येतात, मेणबत्त्या लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात. एकीकडे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, दुसरीकडे चालतंबोलतं वंदनास्थान. मेणबत्तीची काजळी दगडाला बरी नाही हे खरं, पण कुणी येतच नाही असं लेणं तरी कुणाला हवंय?

व्हिएतनामच्या हनोई शहरात असाच एक चिमुकला वारसा आहे, १०४९ साली उभा राहिलेला एकखांबी पॅगोडा. १९५४ मध्ये फ्रेंच सैन्याने जाता जाता तो उडवला आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा बांधला गेला. लाकडाच्या वास्तूचं असं करता येतं. विजासनच्या मूर्तीचा एखादा कोपरा झडला की तो गेला.

आत जाताना टॉर्च जवळ ठेवावी. आधी काही वेळ ती बंदच ठेवून, बाहेरचा उजेड बोळातून कुठवर पोचतो ते पाहावं.

पुढच्या आठवड्यात फर्ग्युसनचं वैरागड, जिथल्या हिऱ्यांच्या खाणीची दखल अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त घेतली आहे.